तुयेहून परत आलेलं कार्ड

डिचोलीच्या बाजारात गोकुळदासचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्याचं, यंत्रं उघडायचं काम त्याच्या बायकोचं, सुलोचनाचं. ती कामाला बसली की गोकुळदास हातातलं टाकून बघत राही. त्याला जिथे नुसत्या रेघा आणि ठिपके दिसत, तिथे ती बोट ठेवी. "हांगा दुखतंय त्याला," म्हणे. आणि तिथेच दुखत असे.

पणजीतलं एक ऑफिस बंद झालं, तेव्हा तिथलं सामान त्यांनी उचललं होतं. त्यातलं एक ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन विकलं. घेणारा संतोष बेळगावकडचा, तुयेच्या कारखान्यात कामाला. त्याने कार्ड कुरिअरने परत पाठवलं आणि मग फोन केला.

"कार्ड झकास चालतंय, वहिनी. पण स्क्रीन काळी झाली की आत एक बाई दिसते. पाठमोरी. काहीतरी काम करत बसलेली."

"जुन्या चित्राचा डाग असेल मॉनिटरवर."

"मॉनिटर कोरा आहे माझा." तो जरा घुटमळला. "त्रास काय देत नाही ती. पण मी एकटा राहतो. जेवायला बसलो की वाटतं, हिला विचारायला पाहिजे, जेवलीस काय म्हणून."

सुलोचना हसली नाही. "बघते हां मी," म्हणाली.

दुपारी बाजार निजला. समोरच्या कापडवाल्याने फळ्या लावल्या. जनेलातून रस्त्यावरची ऊन लागलेली लाल धूळ तेवढी आत येत होती. सुलोचनाने कार्ड जोडलं, एक गेम लावला. चित्रं स्वच्छ, रंग झळझळीत. मग गेमच्या दोन भागांमध्ये पडदा काळा झाला.

काळोखात काळोखाहून किंचित फिकं असं काही होतं. वाकलेली पाठ. दिव्याचा गोल उजेड.

"आहे," सुलोचना म्हणाली.

तिने केबल बदलली. मॉनिटर बदलला. कार्ड दुसऱ्या मशिनात घातलं. पंखा काढून धूळ झाडली, सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. दर वेळी काळोख आला, की बाई होतीच. गोकुळदासच्या मानेवर घाम आला होता. सुलोचना मात्र एकेक शक्यता बाजूला ठेवत चालली होती, तांदळातले खडे वेचावेत तशी.

"सोल्डरिंग करतेय ती," पडद्याजवळ वाकून ती म्हणाली. "हाताला वळण बघा कसं आहे. शिकलेली बाई आहे."

गोकुळदासने पाहिलं. करंगळी उचलून धरलेली. तोंडात पकडलेल्या तारेचं टोक गालाबाहेर आलेलं. असं काम करणारं माणूस त्याने जन्मात एकच पाहिलं होतं, आणि ते त्याच्या शेजारी बसलं होतं.

त्याने शेजारच्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"तापलं की चित्र हलतंय," सुलोचना म्हणाली. "एक टाका सुटलाय कुठेतरी." भिंग लावून तिने तो हुडकलाच. केसाएवढी भेग. करंगळी उचलून तिने तो टाका नव्याने घातला, फुंकर मारली, कार्ड परत बसवलं.

"आता काळोख येईल तो तुम्ही बघा. मी संतोषला कळवते. बिचारा वाट बघत असेल." आत रेंज नसायची. ती फोन घेऊन रस्त्यावर गेली.

पडदा काळा झाला.

चित्र गेलं नव्हतं. उलट लख्ख झालं होतं.

हीच दुकानाची खोली. हेच टेबल. बाईचे केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. पण हात थरथरत नव्हते. भीतीच्याही आधी गोकुळदासला अभिमान वाटला. या वयातही! त्याने नकळत तिच्या शेजारी स्वतःला शोधलं. शेजारी पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते.

बाईने सोल्डरची कांडी खाली ठेवली. ती उठली.

वळून सरळ त्याच्याकडे आली.

तिचा चेहरा पडद्याभर झाला. तिने त्याच्याकडे पाहिलं. उत्तराची वाट न बघता पाहतात तसं. मग पदराचं टोक हाताशी घेतलं आणि काच पुसली. वरून खाली. कोपरे नीट, तसबिरीचे पुसतात तसे.

"अहो, अजून दिसते काय?" बाहेरून सुलोचनाने विचारलं.

"ना," गोकुळदास म्हणाला. "गेली."

आतल्या बाईने दोन्ही हात वर नेले आणि खाली घेतले. पडद्याच्या दोन्ही कडांना, आतल्या बाजूने, अबोलीचा हार लोंबत होता.