पानावरचा किडा

दारात उभ्या असलेल्या बाईंच्या काखेत एक गुंडाळी होती, आणि तान्हं मूल सांभाळावं तशी ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"माझ्यावर चोरीचा आळ आहे," खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या. "चोरीचा माल म्हणून गिरणीच्या मालकांनी माझ्या घरातून हेच बाहेर काढलं. मग नीट पाहून म्हणाले, हा तो नव्हे, ही नक्कल आहे. आळ मात्र तसाच ठेवला."

वहिनींनी चष्मा वर सरकवला. एका विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. आता त्या खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे दीर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. हौस म्हणून ते बरोबर असत. ओळखीचे लोक दोघांना वहिनी आणि भाऊजी एवढ्याच नावांनी ओळखत.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

बाई रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांचे वडील गालिच्यांच्या गिरणीत मिस्त्री होते. गिरणी बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता मालकांच्या नातवाने तिथे संग्रहालय उभारलं होतं, आणि ते रविवारी उघडायचं होतं. गिरणीतल्या प्रसिद्ध जोडमागावर पितळी पाटी बसणार होती: हा माग इंजिनिअरसाहेबांनी घडवला.

"तो माग माझ्या बाबांनी घडवला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. उलट खाली आला. "मी लहान असताना जेवणाच्या ताटात बोटाने रेघा मारून ते मला त्याची सुरी समजावून सांगायचे. बुधवारी मी तेच सांगायला गेले. धाकटे मालक, म्हणजे तो नातू, म्हणाले, पुरावा आणा. शब्दाला शब्द वाढला. मी निघाले आणि तासाभरात ऑफिसात चौकटीत लावलेला, नव्या शेडमधला पहिला गालिचा नाहीसा झाला. रविवारपर्यंत परत करा, नाहीतर पोलिसांत जातो, असं म्हणतात. मला पोलिसांची भीती नाही, वहिनी. पण पाटीवर दुसऱ्याचं नाव आणि गावात 'मिस्त्रीची लेक चोर', हे दोन्ही एकाच दिवशी नको."

त्यांनी गुंडाळी उलगडली. हातभर रुंद, दोन हात लांब गालिचा. हिरव्या फांदीवर डावीकडे मान वळवून बसलेला एक पक्षी. रंग विटले होते. लव मात्र अजून मऊ होती.

"बाबांनी आणला तेव्हा मी एक वर्षाची होते. नवी शेड उघडली त्याच आठवड्यात. हा माझ्या पलंगाजवळ असायचा." त्यांनी मधोमध तिरका हात फिरवला. "इथे लव जरा उंच आहे. मी याला डोंगर म्हणायचे. रोज सकाळी डोंगर चढून शाळेत जायचे. आणि हा पानावरचा लाल ठिपका म्हणजे किडा. बाबा म्हणायचे, पाखरू त्यालाच बघतंय, पण खाणार नाही. दोस्ती आहे त्यांची."

भाऊजींनी वाकून पाहिलं. "मूळ गालिच्यावर पाखरू कुठे बघतं?"

"उजवीकडे. म्हणून तर नक्कल म्हणाले."

बाई गेल्यावर भाऊजी समाधानाने म्हणाले, "झालं. माझी पोरं हेच करायची. चित्रावर पातळ कागद ठेवून गिरवायचं आणि कागद उलटा चिकटवायचा. मिस्त्रींनी लेकीसाठी ऑफिसातल्या गालिच्याची नक्षी गिरवली, कागद उलटा धरला."

"आणि किडा?"

"किडा काय, दिला ठेवून."

"हिरव्या पानाच्या ऐन मध्यावर, एकच टाका," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, शोभेसाठी कुणी एकच टाका घालत नाही."

*

गिरणीच्या ऑफिसात टेबलावर रिकामी चौकट पडली होती. काच भिंतीला टेकवून ठेवली होती. बारीक खिळे एका बशीत होते, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. शेजारच्या फळीवर लोकरीचे नमुने टांगले होते, प्रत्येक छटेची एक लड, प्रत्येकीच्या खाली क्रमांक.

"बुधवारी तीन ते चार आम्ही सगळे शेडमध्ये होतो. माग चालवून बघत होतो," धाकटे मालक म्हणाले. तिशीतला, धांदरट पण सरळ माणूस. "मधे काका, म्हणजे इंजिनिअरसाहेब, चष्मा न्यायला इकडे आले होते. कार्डवाल्या मावशी नक्षीची जुनी कार्डं ठेवायला आल्या होत्या. त्यांच्यावर कोण संशय घेईल? मिस्त्रींच्या बाई मात्र रागात गेल्या होत्या. मी अजून कुणाजवळ बोललो नाही. उद्घाटनाच्या आधी गवगवा नको."

"गालिच्यात मोलाचं काय होतं?"

"मोल काही नाही. खरं तर मधोमध एक तिरका खोलगट पट्टा पडलाय, वर्षानुवर्षं कुणी पाठ टेकल्यासारखा. पण तो या शेडमधला पहिला. हा बघा."

भिंतीवर शेडच्या उद्घाटनाचा फोटो होता. मोठे मालक हार घालून उभे, मागे गालिचा टांगलेला, पक्षी उजवीकडे बघणारा. खाली तारीख.

"हा जुन्या सळीच्या मागावरचा. जोडमाग दोन वर्षांनी आला, काका नोकरीला लागल्यावर. गेल्या आठवड्यात मी जुन्या कामगारांची बैठक घेतली. सांगितलं, गालिचा धुऊन दिव्याखाली मांडणार, समोर भिंग ठेवणार. येणाऱ्याने एकेक टाका बघावा."

भाऊजी लोकरीच्या फळीसमोर रमले होते. "काय छटा आहेत. फक्त ही पोपटी हिरवी कुणीतरी कापलीय. वीतभर तुकडा गेलाय."

"उंदीर असतील," धाकटे मालक म्हणाले.

वहिनींनी लडीचं टोक पाहिलं. ते कात्रीने सरळ कापलेलं होतं.

*

इंजिनिअरसाहेब मागाजवळ स्टुलावर बसले होते. शेडमध्ये तेलाचा आणि जुन्या लोकरीचा वास अजून टिकून होता.

"पूर्वी लवीच्या प्रत्येक ओळीत लोखंडी सळी सरकवायची," ते भाऊजींना सांगू लागले. "धागा सळीवरून जायचा. सळीच्या टोकाला पातं. सळी ओढली की धागा कापला जाऊन लव उभी राहायची. ओळीला एक सळी. दिवसाला वावभर, म्हणजे चार हात, गालिचा झाला तरी डोक्यावरून पाणी. मग हा आला. वर एक गालिचा, खाली एक, लवीचे धागे दोघांच्या मधे ताणलेले. ही सुरी मधून फिरते आणि दोघांना सोडवते. एका वेळी दोन."

"सुरी सरळ चालते?"

"आता चालते. तिच्यासाठी रूळ मी बसवला. त्याआधी ती भरकटायची." बोलता बोलता ते थांबले.

"रूळ बसवायच्या आधी सुरी होती म्हणजे," वहिनींनी हलक्या आवाजात विचारलं.

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. "मी आलो तेव्हा कोपऱ्यात काहीतरी उभं होतं, ताडपत्री टाकलेलं. मोठे मालक म्हणाले, हे नीट कर. कुणी केलं ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तेव्हा पंचविशीत होतो. कागदावर नाव आलं की बरं वाटतं त्या वयात."

"आणि आता?"

"आता पाटीवर येतंय," ते म्हणाले, आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

*

कार्डवाल्या मावशींची खोली गिरणीच्या मागच्या गल्लीत होती. खिडकीशी खुर्ची, मांडीवर शिवणाचा डबा. पासष्टीच्या घरात, पाठ ताठ.

"सतराव्या वर्षी लागले," त्या म्हणाल्या. "नक्षीचा चौकटींचा कागद समोर ठेवायचा आणि जाड कार्डात भोकं पाडायची. भोक सांगेल तो रंग वर येणार. माग आंधळा असतो, बाई. आम्ही सांगू ते विणतो. एकदा एका पोरीचं एक भोक चुकलं, मोठ्या मालकांनी त्याच दिवशी घरी बसवली."

"तुमचं कधी चुकलं?"

"आयुष्यात एक भोक चुकलं नाही." उत्तर फार लवकर आलं.

"मिस्त्री कसे होते?"

मावशींचा चेहरा निवळला. "फार कमी बोलायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर सावलीला, हा मागाखाली. नुसते पाय दिसायचे. पाय बघून आम्ही ओळखायचो, आज सुरी चालली की नाही. त्याच्या लेकीला सांगा, मी विचारलं म्हणून."

भाऊजी काही सांगायला निघाले. वहिनींनी त्यांचा पाय दाबला.

"ऑफिसातला गालिचा सापडत नाहीये, मावशी."

"येईल की," मावशी डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "रविवारच्या आत येईल."

गल्लीत आल्यावर भाऊजी पाय चोळत म्हणाले, "लेकीवर आळ आलाय, एवढंच सांगणार होतो."

"ते सांगितलं असतं तर त्या जागच्या जागी रडल्या असत्या, आणि गालिचा मला हवा तिथे मिळाला नसता. आता तुम्ही घरी जा. मी चिठ्ठी देऊन येते."

*

शनिवारी दुपारी सगळे शेडमध्ये जमले. धाकटे मालक, इंजिनिअरसाहेब, आपला गालिचा काखेत घेऊन आलेल्या बाई, आणि सगळ्यांत शेवटी कापडी पिशवी घेऊन मावशी.

"मावशी," वहिनी म्हणाल्या, "चिठ्ठीत लिहिलं होतं, ते आणलंत?"

मावशींनी पिशवीतून गालिचा काढून टेबलावर ठेवला. सुईत ओवलेला हिरवा धागा गालिच्याच्या कडेला टोचलेला होता.

"चोराने काच फोडली नाही, खिळे ओळीने ठेवले," वहिनींनी सुरुवात केली. "म्हणजे वस्तू परत जागेवर ठेवायची होती. जाताना त्याने वीतभर हिरवी लोकर कापून नेली. गालिचा चोरणाऱ्याला हिरवा धागा कशाला? तो डागडुजी करायला निघाला असेल तरच. आणि लेकीच्या गालिच्यावर हिरव्या पानात एक लाल टाका आहे. मी मनाशी म्हटलं, याही गालिच्यावर असेल. भिंगाखाली तो जगाला दिसणार होता, आणि असा एकटा टाका कार्डातल्या चुकलेल्या भोकातूनच येतो."

भाऊजी भिंग घेऊन वाकले. "आहे. किडा आहे."

"माझं भोक चुकलं होतं," मावशी म्हणाल्या. "पहिल्याच मोठ्या कामात. मालकांना दिसलं असतं तर मी गेलेच होते. मिस्त्रीने पाहिलं आणि मालकांना सांगितलं, ती नक्षीच आहे, किडा आहे. त्याने मला वाचवलं. आणि आता त्याच्या पहिल्या गालिच्यावर माझी चूक लोक भिंगातून बघणार. दोन दिवस सुई हातात घेऊन बसले. तो टाका उपटायला हात होईना."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "धाकटे मालक, हा गालिचा सळीच्या मागावरचा, असं तुम्ही म्हणालात. सळीच्या मागावर ही कार्डं दोनदा चालवली तर किडा दोन्हीकडे येईल, पण पाखरूही दोन्हीकडे एकाच दिशेला बघेल. इथे एक उजवीकडे बघतं, एक डावीकडे."

"कार्डं पालथी लावली तर?" भाऊजी म्हणाले. "गिरवायच्या कागदासारखी."

"पहिल्यांदाच अडचणीचं बोललात, भाऊजी. लावता येतील. म्हणून मी नक्षीवर थांबत नाही." त्या बाईंकडे वळल्या. "तुमचा डोंगर दाखवा."

बाईंनी आपला गालिचा उलगडला. वहिनींनी ऑफिसातला गालिचा उचलला आणि उघडं पुस्तक मिटावं तसा त्यावर पालथा ठेवला, लवीवर लव.

"साहेब, हात ठेवा."

इंजिनिअरसाहेबांनी तळवा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, मग तिरका. दोन्ही गालिचे मिळून सगळीकडे सारख्याच जाडीचे होते. डोंगर घळीत जाऊन बसला होता.

"सुरी भरकटली," ते हळूच म्हणाले. "वर चढली. खालच्याची लव उंच राहिली, वरच्याची तेवढीच तुटली. हे दोन्ही एका वेळी विणलेत. समोरासमोर."

"आणि एक उद्घाटनाच्या फोटोत आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही नोकरीला लागायच्या दोन वर्षं आधी. त्या दिवशी या गिरणीत जोडमाग चालला होता. सुरीला रूळ नव्हता, तरी चालला होता. मिस्त्रींनी जोडीतला एक मालकांना दिला, एक घरी नेला."

धाकट्या मालकांनी बाईंकडे पाहिलं. त्यांना नजर वर करणं जड गेलं. "ताई, मी चुकलो."

मावशी गोंधळल्या होत्या. "यात सिद्ध काय करायचंय? माग मिस्त्रीनेच केला. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग बैठकीत बोलला का नाहीत, मावशी?" बाईंनी विचारलं.

"पाटीवर कुणाचं नाव आहे ते कुणी वाचून दाखवलं नाही, पोरी. मला वाटलं, त्याचंच असणार. दुसऱ्या कुणाचं असेल?"

इंजिनिअरसाहेब स्टुलावरून उठले. "पाटी उद्या बसणार नाही," ते धाकट्या मालकांना म्हणाले. "नवी कर. माग मिस्त्रींचा. जागा उरली तर खाली बारीक अक्षरांत लिही, रूळ कुणी बसवला ते. नाही उरली तरी चालेल."

बाईंनी वरचा गालिचा उचलून शेजारी ठेवला. दोन पाखरं एकमेकांकडे बघत होती, प्रत्येकाच्या पानावर आपापला किडा. इतकी वर्षं आपलं पाखरू डावीकडे कशाला बघत होतं, हे आज कळल्यासारखं बाई बघत राहिल्या. मग त्यांनी चप्पल काढली आणि कुणाची परवानगी न घेता आपल्या गालिच्यावरचा डोंगर पायाच्या बोटांनी एकदा चाचपून पाहिला.

मावशींनी गालिच्याच्या कडेची सुई काढून घेतली होती. "मग हा टाका राहू द्यायचा?"

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "दोस्ती आहे त्यांची."

मावशींनी सुईतून हिरवा धागा ओढून काढला, ऑफिसात जाऊन लडीच्या कापलेल्या टोकाला जुन्या सवयीने गाठ मारून जोडला, आणि लड तिच्या क्रमांकावर परत टांगली.