लाल ठिपक्याचे मासे

मोहरीहून बारीक लाल ठिपका.

ओल्या दोरीचा वास.

"घरात एक चमचा हरवला तरी ही पंचनामा करते!" — तिची आई, शेजारणीला.

"माशांनाही तुमचा लळा लागलेला दिसतो, मॅडम." — होडीवाला, सकाळी सकाळी, नको तेवढा गोड हसून.

त्या हसण्यानेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

उथळ समुद्राच्या तळाशी गवताची कुरणं होती. त्यांत राहणाऱ्या बोटाएवढ्या माशांचा ती अभ्यास करायची. मासा पकडायचा, कातडीखाली सुईने लाल ठिपका भरायचा, सोडून द्यायचा आणि पुन्हा कुठे सापडतो ते बघायचं. होडी त्याची, जाळंही तोच ओढायचा. परतताना इंजिन रुसायचं, मग दोघं गप्पा मारत तरंगत राहायची.

पण दर खेपेला जाळ्यात ठिपकेवाले मासे! एवढ्या अफाट पाण्यात तेच ते?

"कोणी हाताने तर भरत नाही ना जाळ्यात?" प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या. "तसं असेल तर तुझी सगळी मेहनत पाण्यात."

त्या रात्री तिने सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या होत्या. मेहनतीपायी... आणि हा खोटारडा निघाला तर, या भीतीपायीही.

म्हणून आज ओहोटीच्या वेळी ती न सांगता धक्क्यावर हजर झाली.

"आज जाळं मी ओढणार. तुम्ही होडीत बसा. हात दिसतील असे ठेवा."

"अटक का मला?"

"चौकशी चालू आहे."

"मग साक्षीला मासाच बोलवा."

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. गवत पोटऱ्यांना गुदगुल्या करत होतं. वळून पाहिलं की तो चटकन आभाळाकडे बघायचा — आभाळात काहीही नसताना! तिने जाळं उचललं... हिरव्या पात्यांत हिरवेच मासे वळवळले. त्यांतल्या दोघांच्या अंगावर लाल ठिपका.

"इथेच सोडले होते मी यांना," ती पुटपुटली.

"सुटलो का मी?"

"घरकोंबडे मेले!" तिला हसू फुटलं. "अंड्यातून निघाले की प्रवाहाबरोबर भटकतात. पण एकदा गवत मिळालं की तिथेच ठाण. खाणं तिथे, लपणं तिथे, जोडीदारही तिथलाच."

"आणि जगतात किती?"

"जेमतेम वर्षभर."

त्याने इंजिनाकडे एक नजर टाकली. हात अजून समोरच होते, शहाण्या आरोपीसारखे.

"मग... उशीर करण्यात अर्थ नाही. मासे खरे होते, मॅडम. इंजिन खोटं होतं. ते मीच बंद पाडायचो. तेवढाच जरा जास्त वेळ — तुमच्याबरोबर."

"अय्या! खरंच?" तिने डोळे जमतील तेवढे मोठे केले.

त्याने हात देऊन तिला होडीत ओढून घेतलं... आणि हात सोडायचा राहूनच गेला.

"चौकशी संपली?"

"छे. फार लांबणार आहे... तुझी चौकशी."

तिचे वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिने त्यांच्या दुकानात काढल्या होत्या.