नोनीला ऐकू आलं ते

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

ही माझ्या मावशीच्या घरात घडलेली गोष्ट आहे. मागच्या वर्षीची हॅलोविनची संध्याकाळ. आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअरच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे पाठ करून तिचं घर उभं आहे.

मावशीचं नाव डर्वला. ती कादंबरीकार आहे. भुतांच्या कादंबऱ्या लिहिते. ऑक्टोबर लागला की तिचा पाय घरात ठरायचा नाही. गावोगाव हिंडायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या शेगडीपाशी बसायची आणि विचारायची, "तुम्ही काय पाहिलंत? काय ऐकलंत?"

लोक सांगायचे. ती लिहायची.

तिला स्वतःला मात्र जन्मात कधी काही दिसलं नव्हतं.

तिचा नवरा फिंटन तेवढा वेळ बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचा. भुतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "मी मेलो ना, तर परत यायचा नाही हं," म्हणायचा. "एकदा आडवा झालो की झालो. तू खुशाल दुसऱ्या कुणाची तरी वाट बघ."

त्याच वर्षी फेब्रुवारीत तो गेला.

शेताच्या कडेचं दगडी कुंपण नीट करत होता. जेवायला आला नाही म्हणून मावशी बघायला गेली, तर कुंपणाला टेकून बसलेला... हात अजून दगडावरच.

निरोप नाही. काही नाही.

त्यानंतर तिने एक ओळ लिहिली नाही. कुणाकडे गोष्टी ऐकायलाही गेली नाही. नुसती हॅलोविनची वाट बघत राहिली.

त्या दिवशी मेलेली माणसं आपापल्या घरी येऊन जातात, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. दार नुसतं लोटून ठेवतात. शेगडीपाशी एक खुर्ची रिकामी सोडतात. मावशीने पुस्तकांतून हे कितीदा तरी लिहिलं होतं. स्वतःच्या घरात ती खुर्ची मांडायची वेळ पहिल्यांदाच आली.

अंधार पडता पडता नोनी आली.

नोनी म्हणजे शेजारीण. ऐंशीच्या पुढची. डोळे जवळजवळ गेलेले, कान मात्र तिखट. दर हॅलोविनला मनुकांचा गोड पाव भाजून आणायची आणि मावशीची खेचायची. "एवढी पुस्तकं लिहिलीस गं, एका तरी भुताने येऊन आभार मानले का?"

त्या दिवशी वाट चाचपताना तिची काठी त्या रिकाम्या खुर्चीला लागली.

"ही कुणासाठी?"

"फिंटनसाठी."

नोनीने काठी बाजूला घेतली. मग म्हणाली, "चहा टाक."

दोघी शेगडीपाशी बसल्या. मावशीने पाव कापला. त्या पावात एक अंगठी लपवलेली असते. जिच्या तुकड्यात येईल तिचं लग्न ठरतं म्हणतात. ती नेमकी नोनीच्या दाताखाली आली.

"घ्या! आता या वयात नवरा कुठून आणू? त्यापेक्षा शेळीच्या गळ्यात बांधते."

मावशी हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

आणि नोनीचा हात मध्येच थांबला...

"मागच्या दाराची कडी वाजली."

"वारा असेल."

"वारा केव्हाच पडलाय गं."

मावशीने कान दिला. काहीच नाही. समुद्रसुद्धा नाही.

"पायपुसण्याला बूट घासतंय कुणीतरी," नोनी हळूच म्हणाली.

मावशीने मागच्या दाराकडे पाहिलं. पायपुसणं समोरच होतं. कोरडं. त्यावर कुणी नव्हतं.

"नोनी, चेष्टा नको. आज तरी नको."

"चेष्टा नाही गं..." नोनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आत आलाय... जिना चढतोय. त्याचाच पाय आहे, डर्वला. डावा जरा ओढत टाकायचा ना, तसाच."

मावशी श्वास रोखून बसली. डोक्यावर लाकडी माडी. तिची एक फळी वाजली नाही.

"खोल्यांची दारं उघडून बघतोय... आता खाली येतोय..."

नोनीने मावशीचा हात घट्ट धरला.

"तुझ्या मागे उभा आहे."

मावशी वळली.

रिकामं दार... त्यामागे अंधार.

"फिंटन?"

काही नाही.

"काय म्हणतोय? नोनी, काय म्हणतोय तो?"

नोनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तुलाच हाका मारतोय. 'डर्वला, कुठे गेलीस गं?' म्हणतोय. सारखं तेच. 'कुठे गेलीस गं?'"

"मी इथेच आहे!" मावशी किंचाळली. दोन्ही हात पुढे करून अंधारात चाचपडू लागली. "फिंटन, ही काय मी! इथेच आहे! नोनी, तू सांग ना त्याला!"

नोनी काठीवर भार देऊन उठली. शेतापलीकडून त्याला हाक मारायची, त्याच खड्या आवाजात ओरडली, "अरे फिंटन, ती समोर उभी आहे तुझ्या!"

बराच वेळ दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"गेलं का ऐकू?"

नोनीने नाही म्हणून मान हलवली.

"परत वर चाललाय... शोधायला."

हे नोनीनेच मला नाताळात सांगितलं. त्या संध्याकाळनंतर तिने मावशीच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, वयोमानाने कान वाजतात. वाजत असतील.

मावशीला विचारलं, तर तिने शेगडीपाशची खुर्ची सरळ केली. मग म्हणाली, "मी पुस्तकांतून सगळ्या भुतांना त्यांची घरं शोधून दिली गं. घरातलं माणूस सापडेल की नाही, हे कधी डोक्यातच आलं नाही."

आता रोज दिवेलागणीला ती घरभर फिरते. प्रत्येक दारात थांबते. "मी इथे आहे," म्हणते. थोडं थांबते... आणि पुढच्या दाराकडे जाते.

शनिवार-रविवार मी तिच्याकडे राहायला जाते. अजून तरी मला तिचा एकटीचाच आवाज ऐकू येतो.

पण ती वर निघाली की मी जिन्यात बाजूला सरकते. ती पुढे निघून जाते...

तरी मी थोडा वेळ तशीच वाट सोडून भिंतीला चिकटून उभी राहते.