अल्लीपूरच्या घराची भेग

"घर खचलं म्हणतात," सुलोचना ताकसांडे म्हणाल्या. "अन् त्याच्यासोबत माझे पैसेही."

वर्ध्याच्या त्या छोट्याशा ऑफिसात रक्षा कुमरेनं पंखा बारीक केला. ती खाजगी तपासाची कामं घेई. शेजारी बसलेले प्रेमदास तिचे जोडीदार. वयानं मोठे, मनानं सरळ, आणि समोर दिसेल तेच खरं मानणारे.

सुलोचनाबाई सेवाग्रामच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. अल्लीपूरचा गजेंद्र झाडे मंडप डेकोरेशन आणि वायरिंगची कामं करायचा. त्याच्या आईची त्यांनी वॉर्डात सेवा केली होती, तेव्हापासूनची ओळख. धंदा वाढवायला त्यानं उसने मागितले तेव्हा बाईंनी निवृत्तीच्या पैशातून दिले. पण भोळेपणानं नाही. त्याचं घर रीतसर तारण लिहून घेतलं.

"त्या घरावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज आधीपासून होतं," त्या म्हणाल्या. "गजेंद्रचा धंदा बसला, हप्ते थकले. मे महिन्यात कंपनीनं घर ताब्यात घेतलं, सील ठोकलं. लिलावात पहिला हक्क कंपनीचा, उरलं ते माझं. घर चांगलं होतं, दोघांचंही भागलं असतं. पण गणपती झाल्यावर गिऱ्हाईक पाहाले गेले तर हॉलची भिंत वरून खालपर्यंत फाटलेली! सगळे पळाले. कंपनीनं किंमत पाडली. आता शेजारचे भैयाजी तेवढे घ्याले तयार आहेत, अन् त्या भावात माझ्या हाती काहीच लागत नाई. लिलाव पुढच्या आठवड्यात आहे."

"सील तुटलं होतं काय?" रक्षानं विचारलं.

"जसंच्या तसं."

"मग भेग आपोआपच पडली," प्रेमदास म्हणाले. "यात शोधायचं काय?"

सुलोचनाबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "भाऊ, मी जन्मभर जखमा बांधल्या. ही जखम मले खरी वाटत नाई."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा वसुली अधिकारी अंकित राऊत यानं अल्लीपूरच्या घराचं सील काढलं. तरुण, घाईतला माणूस. एक डोळा सतत मोबाइलवर.

आत धुळीचा थर होता. तिघांचेही पाय उमटले. हॉलच्या भिंतीवर, छतापासून निघालेली भेग नागासारखी वळत फरशीपर्यंत आली होती. मध्ये वाटेत स्विचबोर्ड होता. भेग त्याच्या वर पोचण्याआधीच बाजूला सरकली होती आणि बोर्ड ओलांडून पुन्हा सरळ झाली होती.

रक्षानं हॉलचं दार लावलं, उघडलं. कुठं अडकलं नाही. बाटलीतलं थोडं पाणी भेगेखाली फरशीवर ओतलं. पाणी जागच्या जागी पसरून राहिलं. मग तिनं स्विच दाबला.

"लाइट नाई मॅडम," अंकित म्हणाला. "मीटर आम्ही ताबा घेतला त्याच दिवशी काढून नेलं. वायर खांबावरून कापली. अख्खं गाव पाहाले जमलं होतं."

"इथं झाडलं कोणी?" रक्षानं भिंतीच्या पायथ्याकडे बोट केलं. तिथली फरशी स्वच्छ होती.

"कंपनी झाडूवाली पाठवत नाई."

"आणि किल्ली तुमच्याचकडे?"

अंकितनं मोबाइल खाली ठेवला. "मॅडम, मी काऊन भेग पाडू? घर चांगल्या भावात गेलं असतं तर मले इन्सेंटिव्ह भेटला असता. आता वरून बोलणी खाऊन राह्यलो."

पुढचं-मागचं, दोन्ही दारांवर सील होतं. पण मागच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवलेला होता. कूलर बसावा म्हणून खिडकीचे गज कापलेले, आणि तो बाहेरच्या लोखंडी स्टँडवर टेकलेला. स्टँडच्या गंजावर ताजे ओरखडे होते.

"कूलर सरकवला तर माणूस आत येईल?" प्रेमदासांनी विचारलं.

रक्षानं हातांनी माप घेतलं. "बारीक असला तर."

*

शेजारचे कापसाचे व्यापारी भैयाजी म्हणजे नुसत्या काड्या. पांढरं धोतर त्यांनी नेसण्याऐवजी अंगावर वाळत घातल्यासारखं दिसत होतं. त्यांच्या अंगणात, गजेंद्रच्या हॉलच्या त्याच भिंतीला लागून, पराटीचा मोठा ढीग रचलेला होता.

"काळी माती आहे बाई," भैयाजी म्हणाले. "घर गिळते."

"मग तुम्ही घेता कशाला?"

"मले घरात थोडंच राहाचं आहे! पाडतो अन् गोडाऊन बांधतो. जागेचे पैसे देऊन राह्यलो मी, भिंतीचे नाई."

रक्षा ढिगापाशी गेली. "या पराट्या इथं कधी रचल्या?"

"जागा भेटली तिथं टाकल्या," भैयाजी पटकन म्हणाले.

ती थांबली नाही. कापसाची वाळकी झाडं तिनं ओढून बाजूला केली. मागं भिंतीचा पिवळा रंग दिसला. छतापर्यंत कुठंही चीर नव्हती.

गाडीत बसताच प्रेमदास उसळले. "पाहिलंत ताई? बाहेरून भिंत धडधाकट! भेग आतूनच कोरली. भैयाजी बारीक, घराला लागून राहतात, फायदा त्यांचाच. ढीगही लपवायलाच रचला. झाला तपास!"

"ढीग लपवायलाच रचला, हे खरं," रक्षा म्हणाली. "गाडी गजेंद्रकडे घ्या."

*

गजेंद्र आता सेवाग्राम रस्त्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. पहिलवानी देहाचा माणूस. दारातून बाहेर येताना त्याला खांदा वळवावा लागला. आत त्याची बायको मेघा, सडपातळ, चटपटीत, स्टीलचे डबे भरत होती. मेडिकलच्या मुलांसाठी तिनं मेस सुरू केली होती.

"ते घर आम्ही दोघांनी उभं केलं, मॅडम," गजेंद्र म्हणाला. "प्लास्टरच्या आधी भिंतीतल्या नळ्या आम्हीच टाकल्या. मी वरून वायर ओढायचो, ही खालून सरकवायची. फाटलं म्हणून ऐकलं तवापासून जेवण गोड लागत नाई."

"सुलोचना सिस्टरचे पैसे?"

त्यानं मान खाली घातली. "त्यायले तोंड दाखवाची हिंमत नाई मले."

मेघा डब्यांना कड्या लावत म्हणाली, "डबे वाढून राह्यले. बचत गटाचं कर्जही मंजूर आहे, दिवाळीनंतर भेटन. तोपर्यंत लिलाव नसता झाला तर..."

"मेनंतर तुम्ही ते घर पाहिलं काय, मेघाताई?"

"सील आहे ना त्याले," मेघा म्हणाली आणि पुढचा डबा ओढला.

*

लिलावाच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, रक्षानं सगळ्यांना त्याच हॉलमध्ये बोलावलं. सुलोचनाबाईंसाठी प्रेमदासांनी गाडीतून खुर्ची आणली.

"पहिली गोष्ट," रक्षा म्हणाली, "घर खचलेलं नाही. घर बसलं की चौकटी तिरक्या होतात, दारं अडकतात, पाणी उताराकडं धावतं. इथं तसं काही झालं नाही. बाहेरून भिंत कोरी आहे. ही भेग छिन्नीनं, आतल्या प्लास्टरमध्ये कोरलेली आहे. हे भैयाजींना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पराट्या रचल्या."

भैयाजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मी भेग पाडली नाई!"

"नाही पाडली. तुम्ही फक्त गप्प बसलात. आता ही भेग बघा. स्विचबोर्डाच्या वर भिंतीत वायरची नळी आहे. भेग तिला लागू नये म्हणून वळली आहे."

"शॉकच्या भीतीनं," प्रेमदास म्हणाले.

"कसला शॉक, भाऊ? मीटर मे महिन्यातच गेलं, साऱ्या गावासमोर. भीती नव्हती, तर मग जपायचं होतं. घर पाडून गोडाऊन बांधणारा वायरला जपेल? आणि अंकितना भिंतीतली नळी कुठून जाते हे कसं कळणार? ते दोघांनाच माहीत. एकानं वरून ओढली, एकानं खालून सरकवली."

गजेंद्र उठून उभा राहिला. "मॅडम, मी आईशपथ..."

"तुम्ही कूलरच्या खिडकीतून जाऊन दाखवा, मी माझी फी सोडते. तिथून आत आलेला माणूस बारीक होता. आणि स्वतः केलेला कचरा त्यानं जाताना झाडून काढला. घर पाडायला निघालेला झाडू मारत नाही. ज्याला त्या घरात परत यायचं असतं तो मारतो."

सगळ्यांच्या नजरा मेघाकडे वळल्या.

"तू?" गजेंद्रच्या तोंडून एवढंच निघालं.

मेघा रडली नाही. "मले वाटलं, भेग पाहून कोणी घेणार नाई. लिलाव लांबन, तोवर बचत गटाचे पैसे येतीन, मेसमधून हप्ते सुरू करीन. कंपनीनं लिलाव थांबवलाच नाई, किंमतच पाडली. अन् भैयाजी पुढं आले." ती सुलोचनाबाईंकडे वळली. "सिस्टर, तुमचे बुडवाचे नव्हते मले. सांगाले निघाली होती, दोनदा गेटवरून परतली."

अंकित पुढं झाला. "मॅडम, हे तर तक्रारीचं प्रकरण आहे."

"करा तक्रार," रक्षा शांतपणे म्हणाली. "फक्त कूलरच्या खिडकीला सील लावायचं कोण विसरलं, तेही त्यात येईल."

अंकित पुन्हा मोबाइलकडे वळला.

सुलोचनाबाई खुर्चीवरून उठून भिंतीपाशी गेल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे घर धड आहे?"

"अगदी धड."

"दोघांचं देणं फिटन एवढ्या किमतीचं?"

"त्याहून थोडं जास्तच."

त्या अंकितकडे वळल्या. "लिलावाच्या आधी कंपनीची बाकी मी माझ्या उरलेल्या फंडातून भरली तर?"

"दुसऱ्या तारणदाराले तसा हक्क असते," अंकित चाचरत म्हणाला. "मंग कंपनीचा घरावरचा हक्क तुमच्याकडं येईल."

"बाई, लिलाव ठरला आहे!" भैयाजी ओरडले.

"ठरला होता," सुलोचनाबाई म्हणाल्या. मग मेघासमोर उभ्या राहिल्या. "तुमचं भलं कराले नाई भरून राह्यली मी. माझे जुने पैसे याच घरात अडकले आहेत, अन् घर कवडीमोल गेलं तर ते गेले. बचत गटाचे आले की पहिले मले देजो. उरलेलं दर महिन्याले, मेसमधून. एक हप्ता चुकला तर मी स्वतः कुलूप लावीन. अन् ही भिंत आजच बुजव."

मेघा त्यांच्या पायाशी वाकू लागली. बाईंनी तिचा दंड धरला. "वाकू नको. सिमेंट आण."

*

दिवाळी होऊन गेली. कंपनीचं सील निघालं, मीटर परत लागलं, गजेंद्र आणि मेघा पुन्हा घरात राहायला आले. गजेंद्र आता रोज सकाळी डबे पोचवायला जाई आणि दुपारी वायरिंगची कामं करी.

पहिल्या हप्त्याच्या दिवशी रक्षा आणि प्रेमदास सुलोचनाबाईंना घेऊन अल्लीपूरला गेले. मेघानं बचत गटाचे पैसे आणि हप्ता, दोन्ही त्यांच्या हातात ठेवले. मग तिघांना पाट मांडून ताटं वाढली. भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी.

सुलोचनाबाईंनी पर्स उघडली. "ताटाचे किती घेतेस?"

"तुमच्याकडून काय घ्याचे, सिस्टर!"

"मंग मी व्याज सोडू काय? मी नाई सोडत. तूही नको सोडू."

मेघा हसली आणि भाव सांगितला. बाईंनी पैसे दिले, हात धुतले आणि पाटावर बसल्या. पहिला घास खाऊन त्यांनी ताट पुढं सरकवलं.

"भाजी थोडी अजून वाढ," त्या म्हणाल्या.