दुसऱ्या फोटोची वाट

टेलरबाई त्या सकाळी इस्पितळात जायला निघाल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत फाइल, पाण्याची बाटली आणि सुईदोऱ्याची डबी होती. डबी कशाला, असं नवऱ्याने विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात काही प्रश्न न विचारायची सवय त्याला लागली होती.

दुखणं वरून दिसण्यासारखं नव्हतं. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात आणि रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवणं हे त्यांचं काम असतं. टेलरबाईंची त्यातली एक चेकाळली होती. हाडांतलं कॅल्शियम ओरबाडून रक्तात ओतत होती. दोनदा मुतखडा झाला, हाडं ठणकायला लागली आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोकं चालेना. एका वकिलाच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. वकील सभ्य माणूस. कोट घालून आरशात बघितलं आणि म्हणाला, "एका हाताला जरा अवघडल्यासारखं होतंय." तो गेल्यावर टेलरबाई दुकान आतून लावून घेऊन रडल्या.

मागच्या वर्षी एका सर्जनने त्यांचा गळा उघडला होता. तीन ग्रंथी सापडल्या, तिन्ही गुणी. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती चौथी काही मिळाली नाही. आता नव्या सर्जनबाईंनी सरळ सांगितलं होतं, "फोटोत गाठ दिसली तर काढू. नाही दिसली, तर मी नुसत्या अंदाजावर पुन्हा गळा उघडणार नाही." म्हणजे आज फोटोत काही उमटलं नाही, तर दुकानाला कायमचं कुलूप. वाटेत टेलरबाईंची थट्टामस्करी चालू होती, पण आतून त्या घाबरल्या होत्या.

फोटोचा विभाग तळघरात होता. चष्मा लावलेल्या टेक्निशियनने हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं आणि समजावलं, "औषधात किंचित किरणोत्सर्ग असतो. पहिल्या फोटोत सगळंच चमकतं. मग दोन तास थांबायचं. तोवर बाकीचं विरून जातं, बिघडलेली ग्रंथी मात्र औषध धरून बसते. दुसऱ्या फोटोत जे मागे उरतं, ते आपल्याला हवं असतं."

"बघा म्हणजे," टेलरबाई म्हणाल्या, "धुऊन न निघालेला डाग आमच्याकडे आला की कटकट. तुमच्याकडे त्याचं कौतुक."

पहिला फोटो झाला. मान मागे टाकून, न गिळता, न हलता. टेक्निशियन पडद्याकडे बघत गुळमुळीत आवाजात म्हणाला, "गळ्यात तरी वेगळं काही दिसत नाहीये. बघू, दुसऱ्यात…"

इंजेक्शन घेतलेल्यांसाठी वेगळी खोली होती. नातेवाइकांना तिथे मज्जाव, त्यामुळे नवरा वर राहिला. तीन खुर्च्या, मध्ये जाड पार्टिशनं, एक ट्यूबलाइट. भिंतीपलीकडे यंत्र एकसुरी घुमत होतं. फिनाइलचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी एक. ओल्या लोकरीवर इस्त्री फिरवली की येतो तसा. सकाळचे अकरा वाजले होते, तरी त्या खोलीत वेळ कळत नव्हती.

वासामागोमाग त्या उठल्या आणि पार्टिशनांपलीकडे डोकावल्या. तिसऱ्या खुर्चीत एक बाई बसली होती.

टेलरबाईंना माणसाआधी कपडा दिसतो. राखाडी लोकरीचा कोट. खांद्याचा असा कट गेली तीस वर्षं कोणी शिवलेला नाही. कॉलर गळ्याशी घट्ट लावलेली. दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबतंय.

"तुमचाही दुसरा फोटो राहिलाय का?" त्यांनी विचारलं.

"हो… केव्हाचा."

"इथे सगळीकडे असंच असतं हो. जरा पुढे सरका, बटण लावून देते. तेवढाच हाताला चाळा."

बाईने कॉलर सैल केली. टेलरबाईंनी निळा दोरा ओवला आणि त्यांचा हात थबकला. त्या गळ्यावर टाक्यांचे वण होते. एकाखाली एक, तीन.

"तीनदा उघडला…" बाई हळूच म्हणाली.

"सापडली नाही?"

"गळ्यात नव्हतीच ती. इथे होती." तिने छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "ते गळ्याचेच फोटो काढत राहिले… तुम्ही छातीपर्यंत काढायला सांगा."

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"नंतर कळलं…"

नंतर म्हणजे कधी, हे विचारायचं टेलरबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण बटण पक्कं झालं होतं, म्हणून सवयीने त्या दाताने दोरा तोडायला वाकल्या. कान त्या बाईच्या छातीशी आला. आयुष्यभर त्यांनी असे हजार दोरे तोडले होते, आणि प्रत्येक वेळी आत काहीतरी धडधडत असायचं. इथे फक्त भिंतीपलीकडचं यंत्र ऐकू येत होतं.

दार उघडलं. "चला, झाले दोन तास," टेक्निशियन म्हणाला.

"आधी यांना घ्या…" टेलरबाईंनी मागे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

"कोणाला? आज इंजेक्शन फक्त तुम्हाला दिलंय."

टेलरबाई रिकाम्या खुर्चीकडे बघत बाहेर पडल्या. पण टेबलावर आडवं होताहोता त्यांनी टेक्निशियनचं मनगट धरलं. "फोटो छातीपर्यंत काढा."

"कागदावर गळा लिहिलाय."

"अहो, गळ्याचं माप घेतलं आणि छातीचं सोडलं तर कोट अंगात जाईल का?"

तो हसला, डॉक्टरांना फोन केला आणि त्याने कॅमेरा खाली आणला. थोड्या वेळाने त्याचं हसू थांबलं. पडद्यावर गळा काळाभोर होता, सगळं विरून गेलं होतं. आणि खाली, छातीच्या हाडामागे, एक ठिपका लखलखत होता. टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला.

सर्जनबाईंनी फासळ्यांच्या मधून, तीन छोट्या भोकांतून ती गाठ काढली. त्याच संध्याकाळी कॅल्शियम उतरायला लागलं. दीड महिन्यात दुकान उघडलं आणि वकिलाच्या कोटाला उजवी बाही मिळाली.

मग एके दुपारी नवऱ्याला घेऊन टेलरबाई आभार मानायला तळघरात गेल्या. त्यांनी टेक्निशियनला सगळं सांगितलं. तो हसेल असं त्यांना वाटलं होतं. उलट त्याने किरणोत्सर्ग मोजायचा मीटर उचलला आणि त्यांना त्या खोलीत नेलं.

"हे औषध एक-दोन दिवसांत विरतं," तो म्हणाला. "पण तिसरी खुर्ची रोज वाजते. तीनदा बदलली. खालची फरशीसुद्धा बदलली."

मीटर खुर्चीजवळ गेला आणि टकटक, टकटक सुरू झालं. नवऱ्याने दोन पावलं मागे घेतली.

टेलरबाईंना मात्र त्या बाईची कणव आली. त्या खुर्चीपुढे वाकल्या. "बाई, माझी सापडली हो. तुम्ही सांगितलंत तिथेच होती. तुमचे उपकार कसे फेडू? आता इथे किती दिवस बसणार… चला."

मीटर गप्प झाला.

टेक्निशियनने तो हलवून बघितला, खुर्चीभोवती तीनदा फिरवला. आवाज नाही. तो लहान मुलासारखा खूश झाला आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आला. लिफ्टच्या दारात त्याच्या हातात मीटर पुन्हा वाजला. त्याने तो टेलरबाईंवरून फिरवला, काही नाही. नवऱ्यावरून फिरवला, काही नाही. टेलरबाईंच्या डाव्या खांद्याशेजारच्या मोकळ्या जागेत नेला, तेव्हा तो थांबेचना. टेक्निशियनने मीटर बंद केला. "जपून जा… सगळे," तो म्हणाला.

आता दुकानाचं कुलूप काढलं की ओल्या लोकरीचा वास येतो. टेलरबाई जास्तीची एक खुर्ची झटकून ठेवतात आणि धंद्याला लागतात. दोरा मात्र त्या कात्रीनेच कापतात.

परवा तो वकील नव्या सुटाच्या ट्रायलला आला होता. टेलरबाई तोंडात टाचण्या धरून, त्याच्या पायाशी बसून पँटची घडी टाचत होत्या. वकील आरशाकडे न बघता, मान वर करून उभा होता.

"बाई, हात फार गार आहेत तुमचे," तो म्हणाला. "आणि गळा तीन-तीनदा काय चाचपताय?"

टेलरबाईंनी दोन्ही हातांत धरलेली त्याची पँट सोडली. एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "एकदा रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या."