सहा नंबरचा आवाज

पोटच्या पोरानं महिना-महिना फोन करू नये, याला चांगुणाबाईंच्या लेखी एकच शब्द होता: माज. पुण्यात मोबाइलची अ‍ॅपं बनवतो म्हणून काय झालं? मंगळवेढ्यात पिठाची गिरणी एकटीनं चालवून त्याला शिकवलं होतं. दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला त्या हे ऐकवत, आणि बाया गेल्या की गिरणीत नुसतं पीठ उडत राही.

त्या दिवशी रेहाना ज्वारीचा डबा घेऊन आली. नर्सिंगला शिकणारी, अबोल पोर. गिरणीचा पट्टा फिरू लागला, तशी ती पांढरीफटक पडली. श्वास वर ओढला गेला. चांगुणाबाई उठणार, तोच तिच्या मनगटावरच्या पट्टीत लाल दिवा लागला आणि पर्समधल्या मोबाइलमधून खणखणीत आवाज आला:

"बस खाली! चप्पल काढ, पाय फरशीला टेकव. मरत नाहीयेस. समोर काय काय दिसतंय? एकेकाचं नाव सांग बघू."

चांगुणाबाई जागच्या जागी थिजल्या. तो आवाज त्यांचाच होता.

रेहाना समोरच्या दळणाच्या डब्यांची एकेक करून नावं घेत गेली, हा ज्वारीचा, तो गव्हाचा. पाचव्या डब्याला श्वास जाग्यावर आला. "काकू, हे 'सावर' अ‍ॅप," ती कपाळ पुसत म्हणाली. "पट्टीला नाडी आणि घाम कळतो. धास्तीचा झटका येतोय असं दिसलं की आपण निवडलेला आवाज बोलतो. यात आठ आवाज आहेत. होस्टेलात आम्ही सगळ्या सहा नंबर लावतो. बाकीचे फार गोड बोलतात, त्यानं जास्तच भीती वाटते."

"हा सहा नंबर कुणाचा, माहीत आहे?"

"नुसतं 'गिरणीवाली' लिहिलंय. खरी बाई असते होय?"

दिवाळीत घरी आलेल्या पोरानं, सुयोगनं, दोन दुपारी त्यांना मोबाइलसमोर बसवलं होतं. "आई, लहानपणी पट्ट्याला घाबरायचो तेव्हा रागवायचीस ना, तसं रागव." घरात रागवायला माणूस उरलं नव्हतं, त्या दोन दुपारी त्यांचं मन कसं मोकळं झालं होतं! त्याच बोलण्यावर यंत्रानं आवाज घडवला होता, आणि आता त्या कधी न बोललेली वाक्यंही तो बोलत होता.

रेहानाचं दळण देऊन त्यांनी गिरणी बंद केली, सुयोगला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सुयोग वाळलेला दिसला. त्याच्याही मनगटावर पट्टी होती.

"तुला कशाला रे ती?"

त्यानं बाही पट्टीवर ओढली. मग म्हणाला, "आधी माझ्यासाठीच बनवलं, आई. ऑफिसात, रस्त्यात, कुठंही छाती भरून येते. कुणाचाच आवाज लागू पडेना. तुझाच पडला."

"कधीपासून होतंय हे?"

"दीड वर्ष झालं."

"आणि दिवसातनं किती वेळा ऐकतोस मला?"

"तीनदा. कधी चारदा."

महिन्यात एक फोन नाही, आणि दिवसातनं चारदा! चांगुणाबाईंना हसावं की रडावं कळेना.

"मग मलाच का नाही लावलास फोन?"

"तू काय झालं म्हणून विचारलं असतंस," तो खाली बघत म्हणाला. "अ‍ॅप विचारत नाही. सावरलं की आपोआप बंद होतं."

बाहेर कुणीतरी दळण घेऊन आलं, शटर अर्धं खाली बघून परत गेलं. चांगुणाबाईंनी मोबाइल तोंडाजवळ धरला. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

"तू भित्रा नाहीस सुयोग, चोर आहेस. आवाज नेलास, त्याचं काही नाही. पोरींना उपयोग होतोय, होऊ दे. पण तुझी भीती माझ्या हक्काची होती, ती तू यंत्राला दिलीस. तुझं भागलं. आता एवढं सांग, मी इथं एकटी घाबरले, तर मी कितवा नंबर लावू?"