पाठमोरं वाक्य

"चार खेपा इचारलं याले... भात पायजे का पोळी. नुसती मुंडी हालवते बापा! हो म्हनते का नाही म्हनते, कोनाले समजावं?"

ललिताबाई हे पुटपुटल्या तेव्हा धम्मदीपा तव्यापाशी त्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभी होती, म्हणून तिला ऐकू आलं. कामरगावच्या स्टँडमागे ललिताबाईंची खानावळ. बोअरच्या गाडीवरची तमिळ माणसं सीझनभर तिथंच जेवायची. समोरच्या पत्र्याच्या खोलीत गुलाबचंदशेठचं ऑफिस; शेठ गाडीचं बुकिंग घ्यायचे आणि या सीझनपासून धम्मदीपा डायरी लिहायची. कुठल्या शेतात किती फूट गेलं, पाणी लागलं की धूळ. यंदा बहुतेक धूळच लागत होती.

"याले मराठी येत नाही, मावशी."

"सहा वर्सं झाली येऊन राह्यला! इतक्या दिवसात कुत्र्यालेही आली असती."

मुंडी हलवणारा बाकड्यावर बसला होता. भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी, त्यामुळे तिशीतच म्हातारा दिसत होता. धम्मदीपानं एका हातात भाताची वाटी घेतली, दुसऱ्या हातात पोळी, आणि त्याच्यासमोर जाऊन तराजूसारखे दोन्ही हात धरले. तो हसला. भुकटीचा म्हातारा एकदम तरुण झाला... आणि त्यानं भाताकडं बोट केलं.

पहिली भेट ती एवढीच. त्याचं नाव कदिर. गाव तिरुचेंगोडेजवळ.

दुसऱ्या दिवशी तो मोबाइल चार्ज करायला ऑफिसात आला. बोलला, तर आवाज भलताच मोठा – कॉम्प्रेसरजवळ आयुष्य गेलेल्यांचा असतो तसा.

"आप तमिल सीखो. मेरे को हिंदी समझता नहीं."

"मीच काहून? तुमी शिका ना मराठी."

त्यानं तिच्या ओठांकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मेरा सिर में पत्थर का पाउडर. आपका सिर खाली."

"खाली? म्हंजे रिकामं?"

"जगा बहुत है," तो गंभीरपणे म्हणाला, आणि तिला हसू आवरेना.

शिकणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पहिलाच घाव तिच्या नावावर पडला. त, थ, द, ध – या चौघांना तमिळमध्ये मिळून अक्षर एकच. कदिरनं डायरीच्या मागच्या पानावर तिचं नाव लिहिलं. तिनं अक्षरं जुळवत वाचलं तर 'तम्मदीबा' निघाली. तिच्या बाबांनी विहारात चार माणसांना विचारून ठेवलेलं नाव! मग मोबाइलवरच्या धड्यातून वाक्यं पाठ केली, 'नान पोगिरेन' – मी जाते – तर गाडीवरचा दुसरा माणूस, पळनी, ताट सोडून हसला. "मैडम, ये तो बातमी वाला तमिल. घर में 'पोरेन' बोलते." म्हणजे लिहायची भाषा वेगळी, बोलायची वेगळी, एकीचे पैसे दिले आणि दुसरीही घ्यावी लागली. शिवाय तो एक ळ, जीभ मागे वळवायची पण कुठंच टेकवायची नाही. ती वीस वेळा म्हणायची. कदिर तिच्या तोंडाकडं एकटक पाहायचा आणि दर वेळी म्हणायचा, "सरी." बरोबर.

"सगळंच कसं बरोबर? मले काई येतच नाही अन् तुमी सरी सरी करता!"

"सरी," तो म्हणाला.

"अन् हे असं तोंडाकडं काय पाहून राह्यले?"

"पाठ वहीं लिखा है."

ती लाजली. त्या रात्री तिनं आरशात स्वतःचे ओठ बघितले, हे ती कुणाला सांगणार नव्हती.

तो शब्द शिकवायचा हात लावून. कण्णु, डोळा. मूक्कु, नाक. कादु... कान. कानाला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा खाली घेतला. तिनं पाहिलं, पण तेव्हा मन दुसरीकडं होतं.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन यायचा. अम्माचा फोन बटणांचा, त्यात चेहरा दिसायचा नाही. कदिर मोठ्यानं चार वाक्यं बोलायचा, मग "केक्कल, केक्कल, नेटवर्क इल्ल" करायचा. म्हणजे ऐकू येत नाही. आणि फोन धम्मदीपाच्या हातात द्यायचा. "आप बोलो. प्रैक्टिस." अम्मा खळखळून हसायच्या, पण चुकीला "सरी" म्हणायच्या नाहीत. तो ळ त्यांनी तिच्याकडून आठवडाभर 'वाळप्पळम', म्हणजे केळं, म्हणवून घेत काढला. ती खरी शिकली ती त्या म्हातारीकडून. अम्मा शेवटी मात्र रोज एकच विचारायच्या – माझ्याशी का बोलत नाही तो? लग्नाचा लकडा लावते म्हणून रागावलाय का?

धम्मदीपा म्हणायची, नेटवर्क.

एप्रिलात एका दुपारी गाडी बंद होती. खानावळीमागं टाकीपाशी कदिर पाठमोरा हात धूत होता. पळनी दहा हातांवर बाजेवर चहा पीत होता. धम्मदीपा कदिरच्या मागं उभी राहिली. तोंडासमोर म्हणायचा धीर नव्हता. पाठ बरी, पाठ काही ओठांकडं पाहत नाही.

"एनक्कु उंगळ पिडिच्चिरुक्कु," ती म्हणाली.

मला तुम्ही आवडता.

पळनीचा कप हवेतच थांबला. कदिर हात धूत राहिला. तिला वाटलं, चुकलं. पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. कदिरनं हात झटकले आणि बोटांच्या बेचक्यातली भुकटी काढू लागला.

"मी चुकीचं बोलली का?" तिनं पळनीला विचारलं.

पळनीनं मान खाली घातली. "नहीं मैडम. बहुत साफ बोला."

दहा हातांवर साफ गेलं होतं. दोन हातांवर पोचलं नव्हतं.

तिच्या आत एकेक वस्तू जागची हलू लागली. भात का पोळी. मोठा आवाज. नेटवर्क. चुकीच्या ळ ला सरी – तो तोंडाच्या आत वळतो, ओठांवर दिसतच नाही. इथं सगळ्यांना वाटायचं, परक्या मुलखाचा आहे, भाषा कळत नसेल. आणि गाडी सुरू असली की तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळं काम हाताच्या खुणांवर. मग कुणाला कळणार? तीन महिने तिनं जिला नजर म्हटलं, ते वाचन होतं.

आणि फोन? फोन धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून शिकवलं का? तिला रडू आलं ते अपमानाचं की दुसऱ्या कशाचं, हे तिला तमिळमध्ये सोडा, मराठीतही सांगता आलं नसतं.

कदिर वळला. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विझलं. ओला हात तिच्या डोळ्यांकडं नेला, अर्ध्यात थांबवला. "क्या हुआ?" भलत्याच मोठ्यानं.

"काई नाही," ती म्हणाली. ओठ नीट हलवून.

तिनं पळनीला विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, "मैडम, चाय ठंडा होता है." शेठला विचारलं, तर ते म्हणाले, "त्याच्यासारखा हात साऱ्या गाडीवर नाही. आता सीझन आहे, पोरी." ललिताबाई म्हणाल्या, "समजते बाई त्याले समदं, मस्ती करते." प्रत्येकानं त्या गोष्टीवर आपापला दगड ठेवला. तिनंही ठेवला. कारण गाडीच्या मालकाला कळलं तर तो कदिरला दुसऱ्याच दिवशी गावी धाडणार, हे तिला शेठइतकंच ठाऊक होतं. अजून दीड महिना होता सीझनचा. दीड महिना पुष्कळ असतो... असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग तो मंगळवार. रिठदच्या शिवारात रॉड बदलत होते. इंजिन बंद, सगळं शांत. साखळीतून रॉड सुटला. तिघं एकदम ओरडले. कदिर वाकून पाना उचलत होता. तो वाकलेलाच राहिला.

रॉड त्याच्या बाहीचं कापड घेऊन, खांदा सोलून जमिनीत रुतला. एक वीत अलीकडं मान होती.

संध्याकाळी खानावळीत सगळे होते. कदिरच्या खांद्याला पट्टी. जो तो साखळीबद्दल बोलत होता.

"जुनी झाली होती," शेठ म्हणाले. "उद्याच नवीन आणतो."

"चेन खराब," पळनी म्हणाला.

"नसीब म्हना," ललिताबाई म्हणाल्या आणि न विचारता कदिरच्या ताटात भात वाढला.

फोन वाजला. कदिरला दिसला, उजळल्यामुळं. नेहमीची चार वाक्यं. जेवलो, बरा आहे, गरमी आहे, तू जप. मग "केक्कल, केक्कल..." आणि फोन तिच्या हातात.

"पोरी," अम्मा म्हणाल्या, आज न हसता, "खरं सांग. मी त्याचं काय वाईट केलं? रागावलाय ना तो माझ्यावर?"

फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला होता, पळनीलाही ऐकू गेलं; तो ताटात बघू लागला. त्याच्याकडं पाहून ललिताबाईंच्या हातातली पोळी हातातच राहिली. कदिर समोर बसून तिच्या ओठांकडं पाहत होता, आणि त्या पाहण्यात विनवणी होती. नेटवर्क म्हण. एवढंच म्हण.

तिच्याजवळ दोन वाक्यं होती. एक त्याच्या तोंडासमोर अजून म्हटलंच नव्हतं. ते आता म्हटलं असतं तर त्यानं वाचलं असतं, आणि उद्याही तो इथंच असता, वाकून पाने उचलत. दुसऱ्याला दोनच शब्द लागणार होते. एक त्यानं कान दाखवून शिकवलेला, एक रोज फोनवर ऐकलेला.

तिनं तोंड पूर्ण त्याच्याकडं वळवलं, ट्यूबलाइटच्या उजेडात, म्हणजे त्यालाही एकेक अक्षर वाचता यावं. त्याचा हात तिनं सगळ्यांदेखत धरला.

"राग नाही, अम्मा," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "कदिरुक्कु... कादु केक्कल."